काउंटीचा पगार वाढला म्हणजे नक्की कोणाचा वाढला? कॅलिफोर्नियाचे आकडे नव्याने बघणाऱ्यांसाठी

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड हमखास फिरतो, की सांता क्लारा काउंटीत सरासरी पगार एवढा झाला, वर्षभरात एवढे टक्के वाढला. खाली लगेच कोणीतरी नवीन आलेला विचारतो की मग मला ऑफर एवढी कमी का दिली, दुसरा म्हणतो आमच्याकडे तर इन्क्रीमेंटच झालं नाही, तिसरा म्हणतो सगळे आकडे खोटे असतात सोडून द्या. आकडे खोटे नसतात हो. उलट अमेरिकेतला हा सगळ्यात भरवशाचा डेटा आहे, फक्त तो तुमच्या-आमच्या पगाराबद्दल बोलतच नसतो, आणि कशाबद्दल बोलतो ते नीट कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. मास्टर्स करून नोकरी शोधणारे, जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर आलेले आणि आता ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, मिळालंय म्हणून कामाचं बघणारे, किंवा ॲनालिस्टच्या जॉबमध्ये बॉसने अचानक "काउंटी वेज डेटा काढून दे" म्हटलंय असे, सगळ्यांना चालेल. उदाहरणं कॅलिफोर्नियाची घेतोय, न्यू जर्सी-टेक्सासवाल्यांनी आपापल्या काउंट्या घालून वाचा, पद्धत तीच.

पायरी १: हातात कोणता आकडा आहे ते आधी ओळखा

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा समजा. कॅलिफोर्नियात ५८ आहेत, टेक्सासमध्ये २५४, न्यू जर्सीत २१, अख्ख्या देशात ३,१०० च्या वर. आणि काउंटीच्या नोकऱ्या-पगारावर बातमी आली की त्यात चार ठिकाणचे आकडे कालवलेले असतात.

मुख्य आहे क्यूसीईडब्ल्यू, म्हणजे क्वार्टर्ली सेन्सस ऑफ एम्प्लॉयमेंट अँड वेजेस. हा ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे बीएलएस काढतं. याचा उगम असा: प्रत्येक कंपनीला दर तिमाहीला राज्याकडे अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचा रिटर्न भरावा लागतो, कॅलिफोर्नियात तो ईडीडीकडे, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याकडे, जातो, त्यात किती माणसं कामावर होती आणि किती पगार वाटला ते लिहिलेलं असतं. राज्य तो डेटा साफसूफ करून बीएलएसला देतं. आपल्याकडच्या पीएलएफएस या रोजगाराच्या पाहणीसारखं निवडक घरांत जाऊन विचारायचं असा हा सर्व्हे नाही, कंपनीने टॅक्सच्या कामासाठी भरलेला कागदच मोजला जातो, आणि त्यात देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या येतात. कंपनी इथे गंमत म्हणून आकडा फुगवत नाही, कारण फुगवला तर जास्त टॅक्स भरावा लागेल.

दुसरा एलएयूएस, ज्यातून काउंटीचा बेरोजगारीचा दर येतो, दर महिन्याला. तिसरा सीईएस, ज्याच्यातून दर महिन्याला "देशात इतक्या नोकऱ्या वाढल्या" ही हेडलाइन येते, तो कंपन्यांचा सर्व्हे आहे. चौथा ओईडब्ल्यूएस, जो हुद्द्याप्रमाणे पगार सांगतो, म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर, नर्स, अकाउंटंट वगैरे. हे चार एकमेकांत मिसळायचे नाहीत, आणि बातमीत कोणता वापरलाय हे लिहिलेलं नसेल तर ती बातमी तिथेच बंद करा.

जाता जाता, ऑगस्ट २०२४ मध्ये "अमेरिकेने ८ लाख १८ हजार नोकऱ्या जास्त दाखवल्या होत्या" असा गदारोळ झाला होता आठवतंय? त्यामागे हेच. महिन्याचा सर्व्हे पटकन येतो पण अंदाज असतो, क्यूसीईडब्ल्यू उशिरा येतो पण मोजणी असते, आणि वर्षातून एकदा अंदाज मोजणीशी जुळवून घेतात. घोटाळा वगैरे काही नाही.

पायरी २: या मोजणीत कोण आहे आणि कोण नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, नोकरी मोजतात, माणूस नाही. ज्या पगाराच्या काळात महिन्याची १२ तारीख येते त्या काळात जो पगारावर होता तो मोजला. कोणी सकाळी एका दुकानात आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी काम करत असेल तर तो दोनदा. आणि आठवड्याला पंधरा तास काम करणारा पण एक, पन्नास तास करणारा पण एक, त्यामुळे जिथे पार्ट-टाइम काम जास्त तिथला आठवड्याचा सरासरी पगार आपोआप कमी दिसतो, तासाचा रेट चांगला असला तरी.

दुसरी गोष्ट, नोकरी जिथे आहे तिथे मोजतात, माणूस राहतो तिथे नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. माउंटन हाउस किंवा ट्रेसीला घर घेतलेले आपले कितीतरी लोक आहेत, पत्ता सॅन होकीन काउंटीचा, सकाळी ५८० हायवेवरून अल्टमाँट पास ओलांडायचा किंवा एस ट्रेन पकडायची आणि काम सांता क्लारा किंवा अलामेडा काउंटीत. यांची नोकरी आणि पगार दोन्ही क्यूसीईडब्ल्यूमध्ये सांता क्लारा किंवा अलामेडाच्या खात्यात. पण उद्या यांचा जॉब गेला तर बेरोजगार म्हणून मोजले जाणार सॅन होकीनमध्ये, कारण एलएयूएस घराच्या पत्त्यावर चालतो. म्हणजे ले-ऑफ एका काउंटीत आणि बेरोजगारीचा दर दुसऱ्या काउंटीत वाढतो. सॅन होकीनचा सरासरी पगार बघून "तिथले लोक गरीब आहेत" असं कोणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा, तो पगार तिथल्या गोदामांचा, शेतांचा, दवाखान्यांचा आणि शाळांचा आहे, तिथे रात्री झोपायला येणाऱ्या इंजिनियरांचा नाही.

असंच मजेशीर प्रकरण एसएफओ एअरपोर्टचं. नाव सॅन फ्रान्सिस्को, मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची, पण जमीन सॅन मटेओ काउंटीत. त्यामुळे तिथल्या एअरलाइनच्या, बॅगेजच्या, खाण्याच्या स्टॉलवरच्या सगळ्या नोकऱ्या सॅन मटेओच्या.

घरून काम करणाऱ्यांचं काय, तर साधारणपणे ज्या ऑफिसला ते रिपोर्ट करतात तिथेच त्यांची नोंद होते. म्हणून २०२० नंतर काउंटीत माणसं दिसत नसली, ऑफिसं रिकामी असली, तरी कागदावर नोकऱ्या तिथेच असू शकतात.

तिसरी गोष्ट, जे यात नाहीतच ते. स्वतःचा धंदा करणारे नाहीत. उबर-लिफ्टचे ड्रायव्हर नाहीत, नोव्हेंबर २०२० च्या प्रपोझिशन २२ नंतर ते कॅलिफोर्नियात काँट्रॅक्टर म्हणूनच धरले जातात. १०९९ वर, म्हणजे पगारावर नसून काँट्रॅक्टवर, काम करणारे कन्सल्टंट नाहीत. वर्दीतले सैनिक नाहीत, आणि सॅन डिएगोसारख्या काउंटीत, जिथे नेव्हीचा एवढा मोठा तळ आणि कॅम्प पेंडलटन आहे, तिथे ही गोष्ट छोटी नाही. रेल्वेचे बहुतेक कर्मचारी नाहीत, त्यांची वेगळी व्यवस्था आहे. आणि ज्या युनिव्हर्सिटीत शिकतात तिथेच कॅम्पसवर काम करणारे विद्यार्थी सहसा नाहीत, म्हणजे तुम्ही दोन वर्षं टीए म्हणून पेपर तपासत राबलात तरी काउंटीच्या हिशोबात तुम्ही नव्हता! शेतमजुरांचं मात्र राज्याराज्याप्रमाणे वेगळं आहे, बऱ्याच राज्यांत छोट्या शेतांवरचे मजूर सुटतात, कॅलिफोर्नियात ते इन्शुरन्समध्ये येतात. म्हणून फ्रेझ्नो किंवा कर्नची तुलना दुसऱ्या राज्यातल्या शेतीच्या काउंटीशी करताना जरा थांबायचं.

पायरी ३: पगार म्हणजे काय काय धरलंय, आणि फेसबुकची गोष्ट

इथला पगार म्हणजे बेसिक नाही. त्या तिमाहीत कंपनीने जे दिलं ते सगळं: पगार, बोनस, टिप्स, वापरलेले स्टॉक ऑप्शन आणि हातात पडलेले शेअर्स, नोकरीवरून काढताना दिलेला सेव्हरन्स, सगळं. आणि "दिलं" हा शब्द महत्त्वाचा, कमावलं कधी याला किंमत नाही, दिलं कधी याला आहे.

मग आठवड्याचा सरासरी पगार काढतात असा: तिमाहीत वाटलेला एकूण पगार, भागिले तीन महिन्यांच्या नोकऱ्यांची सरासरी, भागिले १३ आठवडे. बस. यात मधला माणूस (मीडियन) वगैरे नाही, साधी सरासरी, त्यामुळे वरच्या दोन-चार टक्के लोकांना घबाड मिळालं की सगळी काउंटी श्रीमंत दिसते.

याचा कळस बघायचा तर २०१२ ची चौथी तिमाही काढा, सॅन मटेओ काउंटी. आठवड्याचा सरासरी पगार ३,२४० डॉलर, आणि एका वर्षातली वाढ १०७.३ टक्के. दुप्पटीपेक्षा जास्त! ५२ आठवड्यांनी गुणलं तर वर्षाला १ लाख ६८ हजारांच्या वर होतं, आणि यात एअरपोर्टवर बॅगा उचलणारा, रेडवुड सिटीत कॉफी देणारी, शाळेत शिकवणारे, सगळे आले. पेपरांनी तसाच वर्षाचा आकडा करून छापला. आता त्या काउंटीत तीन महिन्यांत सगळ्यांचे पगार खरंच डबल झाले होते का? छे. बीएलएस कंपनीचं नाव कधी घेत नाही, कायद्यानेच घेता येत नाही, पण मे २०१२ मध्ये फेसबुकचा आयपीओ आला होता, ऑफिस मेन्लो पार्कला, म्हणजे सॅन मटेओ काउंटी, आणि लोकांना मिळालेले आरएसयू, म्हणजे कंपनीने पगारासोबत द्यायचे कबूल केलेले शेअर्स, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या खात्यात पडले. बाकीच्यांनी दोन अधिक दोन चार करून घेतलं. तो सगळा पैसा एका तिमाहीत "पगार" म्हणून नोंदला गेला, त्याला १३ ने भागलं आणि आला आकडा.

आणि पुढची गंमत म्हणजे २०१३ च्या चौथ्या तिमाहीची तुलना या फुगलेल्या आकड्याशी होणार, मग टक्का धाडकन खाली. ज्याने फक्त टक्केच बघितले त्याला वाटणार की एका वर्षात काउंटी सोन्याची झाली आणि पुढच्या वर्षी बुडाली, आणि मधल्या काळात कॉफी देणाऱ्या बाईच्या पगारात कदाचित पन्नास सेंटचाही फरक पडलेला नसणार.

म्हणून सवय लावा: कुठलीही मोठी वाढ दिसली की त्या काउंटीच्या मागच्या आठ-दहा तिमाह्या एका ओळीत लावून बघायच्या. एकच सुळका दिसला तर तो बोनस-शेअर्स, सगळी रेषाच हळूहळू वर जात असेल तर काहीतरी खरं. मॅनहॅटनमध्ये, म्हणजे न्यूयॉर्क काउंटीत, दरवर्षी पहिल्या तिमाहीत असा सुळका असतोच, वॉल स्ट्रीटचे बोनस तेव्हा वाटले जातात.

उलटा प्रकारही होतो. ले-ऑफच्या तिमाहीत सरासरी पगार वाढू शकतो! मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार लोक काढायचं जाहीर केलं, तशा लाटेत कॅलिफोर्नियात ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तोवर माणूस बऱ्याचदा पगारावरच असतो, मग नोकरीचा आकडा उशिरा पडतो, आणि सेव्हरन्स मात्र पगारात धरला जातो. नोकरी गेल्याचे पैसे "वेज ग्रोथ" म्हणून दिसतात, बोला आता.

पायरी ४: वाढीचा टक्का चाळणीतून काढा

हा डेटा सीझनप्रमाणे ॲडजस्ट केलेला नसतो. त्यामुळे दुसऱ्या तिमाहीची तुलना पहिल्याशी करायचीच नाही, दुसऱ्याची तुलना मागच्या वर्षीच्या दुसऱ्याशी. डिसेंबरमध्ये दुकानांत भरती होते, सॅलिनसच्या शेतांत उन्हाळ्यात, टाहोच्या स्की रिसॉर्टवर हिवाळ्यात, हे सगळं कच्चंच्या कच्चं आकड्यात असतं. त्यात पण एक खोड, दर दोन आठवड्यांनी पगार देणाऱ्यांचे एखाद्या तिमाहीत सहाऐवजी सात पगाराचे दिवस येतात. एका पगाराचा फरक म्हणजे त्या ऑफिसपुरती सहावा हिस्सा वाढ, कोणाचाही रेट न बदलता. सरकारी खात्यांच्या ओळीत हे जास्त जाणवतं कारण तिथे सगळ्यांचा पगार एकाच दिवशी.

आता सगळ्यात मोठी चाळणी, माणसं बदलली म्हणून सरासरी बदलणे. समजा एका ऑफिसात दहा जण आहेत, दोन इंजिनियर आठवड्याला ३,००० डॉलरवाले आणि आठ कँटीन-सफाईवाले ८०० वाले. सरासरी १,२४०. आता चार कँटीनवाल्यांना काढलं, बाकी कोणाच्या पगाराला हात लावला नाही. नवी सरासरी १,५३३. म्हणजे "पगारवाढ" जवळपास २४ टक्के, आणि प्रत्यक्षात चार जण घरी बसले.

हे कागदावरचं उदाहरण झालं, पण २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अख्ख्या देशात हेच झालं. जून २०१९ ते जून २०२० मध्ये देशातल्या नोकऱ्या ९.४ टक्क्यांनी घटल्या आणि त्याच काळात आठवड्याचा सरासरी पगार ८.६ टक्क्यांनी वाढून १,१८८ डॉलर झाला. हॉटेलं बंद, रेस्टॉरंट बंद, कमी पगारवाले आधी गेले, लॅपटॉपवाले घरून काम करत राहिले. म्हणून नोकऱ्यांची वाढ आणि पगाराची वाढ हे दोन टक्के कायम शेजारी-शेजारी ठेवून बघायचे. दोन्ही वर, तर बरं चाललंय. पगार वर आणि नोकऱ्या खाली, तर शंका घ्या. नोकऱ्या वर आणि पगार सपाट, तर बहुतेक वेळा खालच्या पगाराची भरती झालीय, आणि ते वाईटच असतं असंही नाही, बंद पडलेली हॉटेलं उघडली की सरासरी खाली येणारच.

महागाई वजा करायला विसरू नका, आकडे नुसत्या डॉलरमध्ये असतात. जून २०२२ मध्ये देशाची महागाई ९.१ टक्के होती, त्या वर्षी कोणी "५ टक्के वाढ" म्हणून टाळ्या वाजवत असेल तर तो खिशातून गेलेले पैसे मोजायला विसरलाय. काउंटीची वेगळी महागाई मिळत नाही, मोठ्या महानगर भागाची मिळते, बे एरियासाठी सॅन फ्रान्सिस्को भागाची, एक महिना आड. तीच वापरायची.

पायरी ५: फाइल उघडताना

बीएलएसच्या साइटवर क्यूसीईडब्ल्यूचा डेटा व्ह्यूअर आहे, तिथे राज्य-काउंटी निवडून टेबल बघता येतं, नवीन माणसाने तिथूनच सुरू करावं. मग हात बसला की काउंटीप्रमाणे सीएसव्ही फाइल उतरवता येते, फुकट, लॉगिन पण नको.

प्रत्येक काउंटीला पाच आकडी फिप्स कोड, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, असतो, पहिले दोन राज्याचे. कॅलिफोर्निया ०६, मग सांता क्लारा ०६०८५, सॅन मटेओ ०६०८१, सॅन फ्रान्सिस्को ०६०७५, अलामेडा ०६००१, लॉस एंजेलिस ०६०३७. एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडली की सुरुवातीचं शून्य गायब होतं आणि ०६०८५ चं ६०८५ होतं, मग दुसऱ्या टेबलशी जोडायला गेलात की एकही ओळ जुळत नाही आणि माणूस तासभर फॉर्म्युल्याला शिव्या देतो. इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या.

मालकीचा कोड ० म्हणजे सगळे मिळून, १ केंद्र सरकार, २ राज्य, ३ स्थानिक, ५ प्रायव्हेट. उद्योगाचा कोड १० म्हणजे सगळे उद्योग. पहिल्यांदा बघताय तर मालकी ० आणि उद्योग १० ही एकच ओळ काढा, तीच काउंटीची बेरीज. आणि खालच्या ओळींची बेरीज मारायला जाऊ नका, कारण त्याच नोकऱ्या आधी मोठ्या गटात, मग त्याच्या उपगटात, मग अजून बारीक गटात परत परत येतात, बेरीज केली तर काउंटीची लोकसंख्या ओलांडून पुढे जाल.

एखाद्या ओळीत नोकऱ्या ० आणि पगार ० दिसला, पण आस्थापनांची, म्हणजे कामाच्या जागांची, संख्या मात्र तीन-चार आहे, तर तिथे उद्योग बंद पडलेला नाही. बाजूच्या डिस्क्लोजरच्या कॉलममध्ये एन असेल. म्हणजे आकडा आहे पण लपवलाय, कारण कंपन्या इतक्या थोड्या की आकडा छापला तर कोणाचा ते कळेल. याला शून्य धरून सरासरी काढली की सगळं गंडतं. आधी एनवाल्या ओळी बाजूला काढायच्या, मग पुढचं.

९९९ ने संपणारा कोड, कॅलिफोर्नियात ०६९९९, ही कुठली काउंटी नाही. ज्या नोकऱ्यांचा नेमका पत्ता लागला नाही त्या तिथे टाकतात. अनेक शाखा असलेल्या कंपन्या मल्टिपल वर्कसाइट रिपोर्ट भरून शाखेप्रमाणे माणसं वाटून देतात, ज्यांच्याकडून ते नीट होत नाही त्यांचं काही ना काही इथे पडून राहतं. आणि कधीतरी कंपनीने पत्ता दुरुस्त केला की एका काउंटीत शेकडो नोकऱ्या "वाढतात" आणि दुसरीकडे "जातात". प्रत्यक्षात कोणीही खुर्ची सोडलेली नसते.

उद्योगांचे कोड नॅक्स या उद्योग-वर्गीकरणाच्या पद्धतीचे, आणि ते दर पाच वर्षांनी सुधारतात. सॉफ्टवेअर पब्लिशर आधी ५११२ मध्ये होते, २०२२ च्या बदलापासून ५१३२ मध्ये. जुन्या कोडने शोधलंत तर वाटेल २०२१ नंतर कॅलिफोर्नियातलं सॉफ्टवेअर संपलं! शिवाय कोड कंपनीला नाही, त्या जागेला मिळतो. एकाच कंपनीचं गोदाम गोदामांच्या कोडमध्ये आणि मुख्यालय ५५ मध्ये, म्हणजे कंपन्यांचं व्यवस्थापन.

पायरी ६: काउंट्या शेजारी ठेवा, पण बरोबरीच्या

बीएलएस स्वतः तिमाहीच्या बातमीत मोठ्या काउंट्या वेगळ्या काढतं, जिथे वर्षाची सरासरी ७५ हजार नोकऱ्या किंवा जास्त. हा नियम तुम्ही पण पाळा. कॅलिफोर्नियातली अल्पाइन काउंटी बघा, अख्खी लोकसंख्या साधारण १,२००, धंदा मुख्यतः बर्फ आणि डोंगर. तिथे एका रिसॉर्टने भरती केली की टक्केवारीत ती देशात पहिली येऊ शकते. लॉस एंजेलिसमध्ये दहा हजार नोकऱ्या वाढल्या तरी टक्क्यात चिमूटभर.

मला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखी जोडी वाटते ती रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोची, ज्याला सगळे इनलँड एम्पायर म्हणतात. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांत उतरलेला माल इथल्या गोदामांत येतो, जागा स्वस्त, हायवे-रेल्वे हाताशी, ऑनलाइन खरेदी वाढली तशी मैलच्या मैल गोदामं उभी राहिली. नोकऱ्यांची वाढ बघितली तर डोळे दिपतात, सरासरी पगार बघितला तर बे एरियापुढे काहीच नाही. इथे फक्त नोकऱ्यांचा टक्का दाखवणारा नेता आणि फक्त पगाराचा आकडा दाखवणारा विरोधक, दोघंही खरं बोलतात आणि दोघंही अर्धंच सांगतात.

इम्पीरियल काउंटी अजून वेगळी. मेक्सिकोच्या सीमेला लागून, हिवाळ्यात भाजीपाला, बेरोजगारीचा दर वर्षानुवर्षं राज्यात सगळ्यात वरच्यांपैकी. पण मेक्सिकालीहून पहाटे सीमा ओलांडून कामाला येणारे मजूरही आहेत. त्यांची नोकरी क्यूसीईडब्ल्यूमध्ये इम्पीरियलची, पण ते राहतात पलीकडे, म्हणून बेरोजगारीच्या हिशोबात ते नाहीत. दोन्ही आकडे एकाच काउंटीचे असूनही दोन वेगळ्या जमावांबद्दल आहेत.

कोण कुठे राहतो आणि कुठे कामाला जातो हे बघायचं असेल तर सेन्सस ब्यूरोचं ऑनदमॅप नावाचं टूल आहे, काउंटी निवडली की किती लोक बाहेरून येतात, किती बाहेर जातात, किती आतल्या आत, ते नकाशावर दिसतं. अर्धा तास खेळा त्याच्याशी, ट्रॅफिक का लागतो ते पण कळेल.

पायरी ७: आता तुमच्या ऑफरचं बघू

काउंटीची सरासरी घेऊन एचआरशी भांडायला जाऊ नका, तो तुमच्याकडे बघून हसेल. तुमच्या हुद्द्याचा पगार ओईडब्ल्यूएसमध्ये बघा, तिथे मधला पगार आणि खालचे-वरचे टप्पे पण मिळतात. एच-१बी व्हिसासाठी कंपनी जो एलसीए अर्ज भरते त्यात जो प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे त्या भागातला त्या कामाचा चालू पगार, असतो तोही लेबर डिपार्टमेंटच्या साइटवर काउंटी आणि हुद्दा निवडून चार लेव्हलमध्ये दिसतो, आणि सहसा तो याच ओईडब्ल्यूएसवरून काढलेला असतो, क्यूसीईडब्ल्यूवरून नाही. मात्र लक्षात ठेवा, ओईडब्ल्यूएसमध्ये वर्षअखेरचे वगैरे बोनस आणि शेअर्स धरत नाहीत, म्हणून सांता क्लारात दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत आणि जुळायची अपेक्षा पण नको.

मग क्यूसीईडब्ल्यू कशाला? तर दिशेसाठी. तुमच्या उद्योगाची ओळ त्या काउंटीत काढा, पाच वर्षांच्या त्याच तिमाहीच्या नोकऱ्या एका रांगेत लावा. कमी होत चालल्या असतील तर ऑफर कितीही गोड असली तरी पुढचा जॉब शोधायला त्याच भागात किती दारं असतील याचा विचार करा, आणि व्हिसावर असाल तर हा विचार दुप्पट करा, कारण तुमच्याकडे साधारण ६० दिवसच असतात. एकाच मोठ्या कंपनीवर उभी असलेली काउंटी आणि शंभर मध्यम कंपन्यांची काउंटी, सरासरी पगार सारखा असला तरी राहायला सारख्या नाहीत. आस्थापनांची संख्या त्याच ओळीत दिलेली असते, बघा.

दुकानात, रेस्टॉरंटमध्ये, केअर होममध्ये सुरुवात करणाऱ्यांनी काउंटीपेक्षा किमान वेतनाचा नियम आधी बघावा. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय, टेक्सासमध्ये तेच लागू. कॅलिफोर्नियात २०२५ ला १६.५० होतं, मोठ्या फास्ट फूड साखळ्यांत १ एप्रिल २०२४ पासून २०, आणि बे एरियातल्या बऱ्याच शहरांचं स्वतःचं त्याहून वर. खालच्या पगाराच्या उद्योगांत एका वर्षात अचानक वाढ दिसली तर आधी हे तपासा, बऱ्याचदा उत्तर इथेच असतं.

वेळेचं एक. तिमाही संपल्यावर साधारण पाच-सहा महिन्यांनी आकडे येतात, पहिल्यांदा येतात ते कच्चे, नंतर सुधारतात. म्हणजे जानेवारी ते मार्चचे आकडे हातात येईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. फाइल उतरवली की नावात तारीख टाकून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी बॉस विचारेल की तुझा आकडा वेबसाइटशी का जुळत नाही, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल.